दाबलेल्या हवेची कोठी : मजुरापासून सैनिकापर्यंत

गेल्या काही वर्षांत अमेरिकेतून आणि इस्रायलमधून एक बातमी पुन्हा पुन्हा येत आहे. लढाईवरून परतलेले सैनिक, आगीत शिरणारे बंबवाले, अपघाताच्या जागी सर्वांआधी पोचणारे पोलीस आणि रुग्णवाहिकेवरचे लोक यांच्यापैकी ज्यांची झोप कायमची उडाली आहे, दार आपटले तरी ज्यांना दरदरून घाम फुटतो, अशांना एका बंद कोठीत बसवतात. आत हवेचा दाब बाहेरच्या दीडपट किंवा दुप्पट केलेला असतो आणि श्वासाला निर्भेळ प्राणवायू दिलेला असतो. रोज तास-दीड तास, असे चाळीस ते साठ दिवस. या उपचाराने बिघडलेले मन ताळ्यावर येते असे काही डॉक्टर शपथेवर सांगतात. तसा पुरावा नाही असे दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात.

मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे सगळे युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात झाले. मग या विषयावर बोलण्याचा याला अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की ही कोठी नदीच्या तळाखाली माती उपसणाऱ्या मजुरांच्या कामावर जन्मली. किती मेले आणि किती वाचले, हा तिचा पहिला हिशेब त्यांच्याच हजेरीपटावरून मांडला गेला. तेव्हा हा इतिहास आमच्या घरचाच आहे.

फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या काठी शालोन येथे कोळशाची खाण खणायची होती. पण कोळशाच्या डोक्यावर पाण्याने भरलेल्या वाळूचा जाड थर. कितीही उपसले तरी पाणी हटेना. तेव्हा झाक त्रिजे नावाच्या इंजिनियराने १८३९ च्या सुमारास एक युक्ती काढली. लोखंडाचा मोठा नळ वाळूत उभा उतरवायचा, त्याचे वरचे तोंड बंद करायचे आणि आत यंत्राने हवा कोंडायची. हवेच्या दाबाने पाणी मागे सरले आणि मजूर कोरड्यावर उभे राहून खणू लागले. आत-बाहेर करण्यासाठी दोन दारांची एक छोटी खोली ठेवलेली असे. तिला एअरलॉक म्हणतात. १८४१ साली त्रिजेने विद्वत्सभेला आपल्या यशाची हकीकत कळवली आणि जाता जाता एक गोष्ट नमूद केली. सात तास आत काम करून बाहेर आलेल्या दोघा मजुरांना अर्ध्या तासाने सांध्यांत कळा सुरू झाल्या; एकाला डाव्या हातात, दुसऱ्याला गुडघ्यांत व डाव्या खांद्यात. मद्यार्काने चोळल्यावर त्या राहिल्या, आणि ते दोघे पुढेही कामावर येत राहिले. या रोगाची पहिली नोंद ती हीच.

पुढे १८५४ साली पोल आणि वातेल या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशाच एका खाणीवरचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. धोका आत जाताना नसून बाहेर पडताना आहे; आणि ज्याला कळा लागल्या त्याला पुन्हा दाबाखाली नेले तर आराम पडतो. म्हणजे रोगाची वेळ आणि रोगाचे औषध, दोन्ही १८५४ साली छापून तयार होते. ते कामाच्या जागेपर्यंत पोचायला पस्तीस वर्षे लागली.

हे घडते कसे, ते समजायला गोटीच्या सोडावॉटरची बाटली पुरे आहे. गोटी आत दाबली की बाटली फसफसते, कारण पाण्यात दाबाने विरघळलेला वायू दाब जाताच बुडबुडे होऊन बाहेर येतो. दाबलेल्या हवेत काम करणाऱ्याच्या रक्तात, चरबीत, सांध्यांत हवेतला नत्रवायू असाच मुरत जातो. माणसाला सावकाश बाहेर आणले तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आणले तर अंगातच बुडबुडे होतात. ते सांध्यात झाले तर कळ, पाठीच्या कण्यात झाले तर पाय लुळे, आणि फुफ्फुसात वा मेंदूत झाले तर माणूस गेला. ही उकल पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली सप्रयोग मांडली. पण मोठाले पूल तोवर थांबले नव्हते.

अमेरिकेत सेंट लुई शहरी मिसिसिपी नदीवर जेम्स ईड्स पूल बांधत होता. पुलाचे पाये नदीच्या तळाखालच्या खडकापर्यंत न्यायचे, म्हणून तळ नसलेल्या प्रचंड पेट्या पाण्यात सोडल्या. त्यांना केसॉन म्हणतात. पालथ्या घातलेल्या भांड्यासारखी ही पेटी. आत हवा कोंडलेली, आणि त्या हवेत उभे राहून मजूर पायाखालची वाळू उपसत, तसतशी पेटी खाली बसे. १८७० च्या मार्चमध्ये खोली ९० फुटांच्या पुढे गेली आणि माणसे मरू लागली. पहिला मजूर वर आला, मला बरे वाटते आहे म्हणाला, आणि पंधरा मिनिटांत कोसळून मेला. कमरेत वाकून चालणाऱ्या मजुरांना त्यांचेच सोबती हसत. त्या काळी फॅशनेबल बायका कमरेत पुढे झुकून चालत, त्या चालीला ग्रीक बाक म्हणत. त्या थट्टेवरून रोगाचे इंग्रजी नावच बेंड्स पडले. मरणाची थट्टा करून कामावर जायचे, ही खोड कष्टकऱ्यांची जगभर एकच. जस्त आणि चांदीचे पट्टे मनगटाला, घोट्याला बांधले म्हणजे हा रोग होत नाही, अशी समजूत तेथे पसरली आणि पट्टे वापरात आले. गंडे-ताईत फक्त आपल्याकडेच असतात असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

ईड्सने जामिने नावाचा डॉक्टर नेमला. हा डॉक्टर स्वतः ९५ फूट खाली पावणेतीन तास बसला आणि साडेतीन मिनिटांत बाहेर आला. घरी पोचेपर्यंत त्याचे हातपाय लुळे पडले. तो वाचला हे नशीब. पाळ्या आखडत आखडत तासातासाच्या केल्या तेव्हा मृत्यू कमी झाले. तरी पूल पुरा होईपर्यंत बारा-पंधरा मजूर या रोगाने गेले होते.

न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची कथा जास्त प्रसिद्ध आहे. ती सांगतात बहुधा इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंगच्या बाजूने. तो स्वतः या रोगाने खचला, आणि त्याची पत्नी एमिली हिने काम तडीस नेले. ते खरेच आहे. पण मला तेथल्या मे १८७२ मधील संपाचे मोल अधिक वाटते. न्यू यॉर्ककडच्या पायाचे केसॉन ७० फुटांच्या खाली गेले होते. एप्रिलअखेर दोन मजूर मेले. ८ मे रोजी केसॉनमधील लोक काम टाकून बाहेर बसले. त्यांची मागणी होती, दोन पाळ्या मिळून चार तासांच्या दिवसाला तीन डॉलर. कामावरून काढून टाकण्याची धमकी आली आणि काही दिवसांत संप मिटला.

आमच्या चळवळीतल्या माणसाने या मागणीकडे नीट पाहावे. मजुरांनी पैसे वाढवून मागितले. आम्हाला सावकाश बाहेर काढा, असे त्यांनी मागितले नाही. उलट, लॉकमध्ये थांबायचा त्यांना कंटाळा येई. दिवस संपला, घरी जाऊ द्या. सावकाश बाहेर येण्यात आपला जीव आहे हे त्यांना कोणी समजावलेच नव्हते. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही जोखमीचा भत्ता मागत आलो आहोत. जोखीमच कमी करा, ही मागणी मात्र आमच्या मागणीपत्रकात बहुधा शेवटच्या पानावर असते. रोबलिंगच्या पदरी एवढे मात्र टाकले पाहिजे की १८ मे रोजी, तिसरा बळी पडला त्या दिवशी, त्याने खडकाचा हट्ट सोडला आणि ७८ फुटांवर घट्ट वाळूतच पाया थांबवला. त्या पायावर तो पूल आजही उभा आहे.

तेथला डॉक्टर अँड्र्यू स्मिथ. त्याने ११० मजुरांवर उपचार केले, रोगाला केसॉन-रोग हे नाव दिले आणि १८७३ साली त्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवले. कोणाला रोग होतो याचा विचार करताना त्याने माणसाच्या अंगलटीवर, प्रकृतीच्या खास दोषावर बोट ठेवले. पण त्याच निबंधात एक सूचना आहे. माणूस झोपवता येईल एवढी एक आडवी लोखंडी नळी कामावर ठेवावी. दुखणाईताला तीत घालून हवा भरावी आणि मग ती हळूहळू सोडावी. हीच आपली कोठी! ती कागदावर राहिली. ब्रुकलिनला ती कोणी बांधली नाही.

बांधली ती १८८९-९० च्या सुमारास, त्याच शहरात, हडसन नदीखालच्या बोगद्यावर. हा बोगदा १८७४ पासून रखडत होता. १८८० च्या जुलैत हवा फुटून पाणी शिरले आणि वीस माणसे एका दमात गाडली गेली. पुढे एका इंग्रज कंपनीने काम घेतले आणि अर्नेस्ट मोअर हा इंजिनियर तेथे आला. पंचेचाळीस-पन्नास माणसांत महिन्याला एक मरतो, म्हणजे वर्षाला शेकडा पंचवीस, हा हिशेब त्याने स्वतः लिहून ठेवला आहे. मोअर डॉक्टर नव्हता. त्याने बॉयलरसारखी एक लांबट टाकी करवून घेतली, मध्ये आडभिंत घातली, आत बिछाने टाकले. ज्याला कळ आली त्याला आत न्यायचे, कामावरच्या दाबाच्या निम्म्या-दोनतृतीयांशापर्यंत हवा भरायची आणि मग अगदी सावकाश दाब उतरवायचा. आपल्याकडे याला काट्याने काटा काढणे म्हणतात. पुढच्या पंधरा महिन्यांत १२० माणसांत दोन मृत्यू झाले.

या दोन आकड्यांपुढे मी दर वेळी थांबतो. मोअरने बुडबुड्यांचा सिद्धांत रचला नाही. आधी किती मरत होते आणि नंतर किती मेले, एवढेच त्याने प्रामाणिकपणे मोजले. मजुराच्या प्रकृतीचा दोष, त्याची दारू, त्याचे लठ्ठपण, हे सगळे वाद त्या मोजणीने निकालात निघाले. तीच माणसे होती, तीच दारू होती. बदलली होती फक्त बाहेर येण्याची रीत. पुढे ब्रिटिश नौदलासाठी जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली आणि पाणबुड्यांचे मरणही आटोक्यात आले. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या आवारात जी नौदल वैद्यक संस्था आहे, तिथली कोठी याच वंशातली.

हॉल्डेन म्हटले की आपल्याला त्याचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन आठवतो, १९५७ साली भारतात येऊन येथलाच नागरिक झालेला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलेला. त्याच्या भारतातल्या वास्तव्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या आधीच्या एका कामाची आठवण मात्र युनियनवाल्यांनीच ठेवायला हवी. १ जून १९३९ रोजी थेटिस ही नवी ब्रिटिश पाणबुडी चाचणीच्या फेरीतच बुडाली. आत १०३ माणसे होती, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, कारण गोदीतले कामगार चाचणीसाठी बरोबर नेलेले. ९९ गुदमरून मेले. त्यांत इंजिनियरिंग आणि वीज कामगारांच्या संघटनांचे सभासद होते. त्या संघटनांनी चौकशीत आपल्या बाजूने शास्त्रीय साक्ष हवी म्हणून हॉल्डेनला गाठले. हॉल्डेन स्वतः एका पोलादी कोठीत शिरला. बरोबर कोणाला घेतले? स्पेनच्या यादवी युद्धात लढून आलेल्या आंतरराष्ट्रीय तुकडीच्या चौघा माजी सैनिकांना. बंद जागेत हवा बिघडत जाते तसतसे माणसाचे डोके कसे चालेनासे होते, हे या पाच जणांनी अंगावर घेऊन पाहिले. पुढे युद्धात नौदलासाठी त्याने हे प्रयोग वाढवले. दाबाखालचा निर्भेळ प्राणवायू विषासारखा चढतो आणि आकडी आणतो, हे पॉल बेरने सांगितलेच होते. हॉल्डेनला तशा आकडीत पाठीच्या मणक्याची इजा झाली आणि ती जन्मभर राहिली. प्राणवायू म्हणजे निरुपद्रवी अमृत, असे जे हल्लीच्या जाहिरातींत सुचवले जाते, ते वाचताना हा मणका आठवावा.

आता प्राणवायूकडेच येतो. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेतात त्या तांबड्या पेशी. रक्ताच्या पाण्यात तो नाममात्र विरघळतो, शंभर मिलिलिटरला ०.३ मिलिलिटर. पण तिप्पट दाबाखाली निर्भेळ प्राणवायू दिला तर हाच आकडा सहाच्या घरात जातो. विसावलेल्या देहाला तेवढा पुरतो. अॅमस्टरडॅमच्या बुरेमा या शल्यविशारदाने १९६० साली डुकरांचे जवळजवळ सगळे तांबडे रक्त काढून घेऊन त्यांना कोठीत जिवंत ठेवून दाखवले. कोठी केसॉन सोडून रुग्णालयात शिरली ती तेव्हापासून. न भरणाऱ्या काही जखमा, वायूने सडणारे मांस, अशा ठरावीक व्याधींवर ती आज मान्य उपचार आहे.

बंबवाल्यांचा संबंध येथे येतो. आगीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो तांबड्या पेशींना असा बिलगतो की प्राणवायूला जागा उरत नाही. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मुखवट्यातून प्राणवायू दिला तर सव्वा-दीड तास, आणि कोठीत तिप्पट दाबाखाली वीस-पंचवीस मिनिटे. थोरल्या हॉल्डेनने हे उंदरांवर १८९५ सालीच दाखवले होते. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९६० साली माणसांवर वापरले. २००२ साली अमेरिकेत १५२ रोग्यांवर घेतलेल्या कसोटीत, सहा आठवड्यांनी स्मृती व विचार यांत बिघाड राहिलेले लोक कोठीतल्या गटात शेकडा २५ निघाले आणि नुसता प्राणवायू दिलेल्या गटात ४६. ऑस्ट्रेलियातल्या १९९९ च्या एका कसोटीत मात्र असा लाभ दिसला नव्हता. तरीही बंबवाल्याच्या देहासाठी कोठीचे काम पुष्कळसे सिद्ध आहे. त्याच्या मनासाठी ती काय करते, हा निराळा प्रश्न.

आणि या प्रश्नात एकदा फसगत होऊन गेलेली आहे. कॅन्सस सिटीचा डॉक्टर ऑर्व्हल कनिंगहॅम याने १९१८ च्या इन्फ्लुएंझात दाबलेल्या हवेने काही रोगी बरे झालेले पाहिले आणि मग त्याला सगळ्याच रोगांवर तोच इलाज दिसू लागला; मधुमेह, गरमी, कर्करोग, काहीही. एका धनिकाने पैसा ओतला आणि १९२८ साली क्लीव्हलंडला ६४ फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. आत मजले, खोल्या, गोल खिडक्या, सगळे दाबाखाली. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेने त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पुरावा मागितला. त्याने तो दिला नाही. पुढे १९४२ साली युद्धासाठी लोखंड हवे म्हणून तो गोळा मोडून भंगारात गेला.

आता सैनिकाच्या मनाकडे वळू. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याखाली माणसे थरथरू लागली, मुकी झाली, चालेनाशी झाली. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ साली त्याला शेल-शॉक म्हटले. काहींच्या मते स्फोटाच्या धक्क्याने मेंदूलाच इजा होत होती. फ्रेडरिक मॉटने तर स्फोटातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडकडेही बोट दाखवले. काहींच्या मते हे नुसते भेकडपण होते. मजा पाहा, शब्दांवर भांडण होते खरे, पण त्यामागे पेन्शनचा प्रश्न होता. देहाला जखम असेल तर तो जायबंदी, मनाला असेल तर तो नादान. १९१७ साली ब्रिटिश सेनेने तो शब्दच वापरायला बंदी केली. पळून जाण्यासारख्या गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना क्षमा मिळायला २००६ साल उजाडले.

हा युक्तिवाद मला नवा नाही. मागे एका गिरणीतल्या विणकराचा भरपाईचा दावा मी चालवत होतो. बावीस वर्षे मागांच्या खडखडाटात काढून त्याचे दोन्ही कान गेले होते. गिरणीच्या डॉक्टरने लिहून दिले की याच्या वडिलांनाही म्हातारपणी कमी ऐकू येत असे. स्मिथने मजुराची अंगलट पाहिली, सेनापतींनी सैनिकाचे धैर्य पाहिले, आणि आमच्या डॉक्टरने विणकराचे वडील शोधून काढले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी अमेरिकेत वर्षानुवर्षे झगडून हे चित्र थोडे पालटले. १९८० साली आघातोत्तर तणावविकार हे निदान तेथल्या मानसवैद्यकाच्या अधिकृत यादीत आले. आपल्याकडे दर १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ बंबवाल्यांना आपण वंदन करतो. जे त्या दिवशी घरी परतले त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे कोणत्या दफ्तरात शोधायचे?

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत रस्त्याकडेला पुरलेल्या बॉम्बांनी हजारो सैनिकांच्या मेंदूंना हादरे दिले. वरून जखम नाही, पण डोकेदुखी, विसर, संताप, निद्रानाश. मेंदूचा हादरा कोणता आणि मनाचा आघात कोणता, हे वेगळे करता येईना. अशा वेळी न्यू ऑर्लिन्सच्या पॉल हार्च या डॉक्टरने १६ जणांना दीडपट दाबाच्या कोठीत चाळीस वेळा बसवले आणि २०१२ साली जाहीर केले की लक्षणे पुष्कळ कमी झाली. सैनिकांच्या घरांतून आशेची लाट उठली. ती उठणारच. नवरा रात्री किंचाळत उठतो आणि गोळ्यांनी नुसता सुस्त होतो, अशा बाईला कोणी कोठी दाखवली तर ती पुराव्याचे कागद मागत बसणार नाही.

कागद मागितले ते सेनेने, आणि ते योग्यच केले. अमेरिकन वायुदलाच्या वैद्यक संस्थेने ५० सैनिक घेतले. निम्म्यांना जवळजवळ अडीचपट दाबाखाली प्राणवायू. उरलेल्यांना लटका उपचार, म्हणजे तीच कोठी, तोच मुखवटा, पण दाब १.३ पट आणि आत साधी हवा. कोण कोणत्या गटात, हे सैनिकांना ठाऊक नव्हते. तीस बैठकींनंतर दोन्ही गटांना बरे वाटले, आणि दोहोंत फरक निघाला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या कसोटीत ७२ जण होते आणि गट तीन: एकाला दीडपट दाबाचा प्राणवायू, एकाला लटका उपचार, एकाला कोठीच नाही, नेहमीची देखभाल. खऱ्या कोठीतले सुधारले, लटक्या कोठीतलेही तसेच सुधारले. बाहेर राहिलेले तसे सुधारले नाहीत. २०१८ च्या तिसऱ्या कसोटीत ७१ जणांपैकी प्राणवायूच्या गटाला तेरा आठवड्यांवर थोडा अधिक लाभ दिसला. सहा महिन्यांनी तो फरक ओसरला होता.

येथे दोन पक्ष पडतात. कोठीचे कैवारी म्हणतात, तुमचा लटका उपचार लटका नव्हताच, १.३ पट दाबाची साधी हवा म्हणजे थोडा जास्त प्राणवायू, आणि थोड्या औषधानेही गुण येतो. विरोधक म्हणतात, तेवढा प्राणवायू तर दवाखान्यातल्या साध्या नळीतून मिळतो, त्यासाठी कोठी कशाला? मला या वादात विरोधकांचे पारडे जड वाटते. कमी मात्रेनेही तेवढाच आणि जास्त मात्रेनेही तेवढाच गुण येतो, तर गुण मात्रेचा आहे असे कसे म्हणावे? परंतु विरोधकांपैकी काही जण पुढे जाऊन म्हणतात की हा सगळा मनाचा खेळ. हे मला पटत नाही. चाळीस दिवस रोज ठरल्या वेळी एका जागी जायचे. तुझ्या मेंदूला कामावर इजा झाली आहे, असे कोणीतरी पांढऱ्या कोटातला माणूस गंभीरपणे सांगतो. कान दुखतो का, असे दर थोड्या वेळाने विचारतो. तासभर टेलिफोन नाही, साहेब नाही, आवाज नाही. ज्याला वर्षानुवर्षे ढोंगी किंवा नाजूक म्हटले गेले, त्याच्यासाठी हे सगळे मिळून काहीच नव्हे? लटक्या कोठीत बरे झालेले सैनिक काय मिळाल्याने बरे झाले, याचा शोध प्राणवायूच्या शोधाइतकाच निकडीचा आहे. त्यात विकण्याजोगे यंत्र नाही, म्हणून त्याला पैसा कमी.

इस्रायलमध्ये पुढचे पाऊल पडले. २०२२ साली तेथल्या डॉक्टरांनी इतर उपचारांनी न सुधारलेल्या ३५ माजी सैनिकांवरची कसोटी छापली. दुप्पट दाब, साठ बैठकी. लाभ चांगला दिसला, पण तुलनेच्या गटाला लटकी कोठी दिलेली नव्हती. त्याच गटाने २०२४ साली लटक्या उपचाराशी तुलना करूनही लाभ नोंदवला आहे. हे महत्त्वाचे आहे आणि लहानही आहे. दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी तेच निघाले पाहिजे. मोअरची रीत कोणीही उचलली आणि कोणत्याही नदीखाली वापरली तरी माणसे वाचली; ती कसोटी येथे अजून उतरायची आहे.

तोवर अमेरिकेत कारभार दोन्ही वाटांनी चालला आहे. तेथल्या अन्न व औषध प्रशासनाने कोठीसाठी मान्य केलेल्या व्याधींच्या यादीत मनाचा आघात नाही. माजी सैनिकांच्या खात्याने २०१७ साली ओक्लाहोमा आणि कॅलिफोर्नियातल्या दोन ठिकाणी, रूढ उपचारांनी उतार न पडलेल्या थोड्या सैनिकांपुरती ती देऊ केली. ओक्लाहोमा, टेक्सास अशा राज्यांनी कायदे करून वाट मोकळी केली. आणि या सगळ्यांच्या आजूबाजूला खासगी केंद्रे उगवली आहेत, जेथे कनिंगहॅमच्या यादीलाही मागे टाकणारी रोगांची यादी भिंतीवर लावलेली असते.

प्राणवायूने भरलेली कोठी म्हणजे ठिणगीची वाट पाहणारी जागा. १९९७ च्या ऑक्टोबरात इटलीत मिलान येथे रुग्णालयातली कोठी पेटली आणि दहा रोगी व त्यांची शुश्रूषा करणारी एक व्यक्ती आत जळून गेली. २०२५ च्या जानेवारीत मिशिगन राज्यात ट्रॉय येथे एका खासगी केंद्रात पाच वर्षांचा मुलगा असाच गेला. केसॉनमध्येही आग लागत असे. १८७० च्या डिसेंबरात ब्रुकलिनच्या पेटीचे लाकडी छत आतून धुमसत राहिले आणि अखेर ती पाण्याने भरून टाकावी लागली होती. दाबलेल्या हवेत आग कशी भडकते, हे तेव्हाच्या मजुरांनी पाहिलेले आहे.

एखादा माजी सैनिक किंवा बंबवाला उद्या आमच्या कचेरीत येऊन विचारील की अमुक केंद्रात इतके हजार भरून बसू का, तर मी त्याला प्रथम बोलून करण्याच्या उपचारांकडे पाठवीन, कारण त्यांच्यामागे आज अधिक भरवशाचा पुरावा आहे. तेथे उतार न पडला आणि कोठीत बसायचेच असले, तर ज्या कसोटीत रोग्याकडून पैसे घेत नाहीत आणि निकाल वाईट आला तरी छापतात, तेथेच बस, म्हणून सांगेन. आणि दार बंद करण्याआधी विझवण्याची व्यवस्था कोठे आहे, आतून हाक मारली तर बाहेर कोण बसलेला असतो, आणि दाब किती मिनिटांत उतरवतात, हे विचारून घे.